वाचक विचारतात : आरंभीच्या इंग्रजी काव्यातील निष्ठा आणि तिचे मोल

गेल्या अंकात या सदरात इंग्लंडवर नॉर्मन सत्ता येण्यापूर्वीच्या, म्हणजे १०६६ पूर्वीच्या इंग्रजी काव्याचा थोडक्यात परिचय दिला होता. ‘बेओवुल्फ’ हे महाकाव्य, ‘मॉल्डनची लढाई’ हे युद्धकाव्य आणि एक्सेटर येथील हस्तलिखितातील काही शोककाव्ये यांचा त्यात उल्लेख होता. त्यावर गोव्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली आणि बहुतेकांचा रोख एकच होता : ते लोक कशाला मोल देत होते? त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (फोंडा येथील उच्च माध्यमिक विद्यालयातील एक शिक्षिका) : अँग्लो-सॅक्सन लोक, म्हणजे त्या काळचे इंग्रज, लढवय्ये होते आणि शौर्य हेच त्यांचे मूल्य होते, असे मुलांना एका वाक्यात सांगितले जाते. एवढे सांगणे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही. त्या काव्यात शौर्य एकटे कधी येत नाही. ते एका नात्याच्या पोटी जन्मते आणि ते नाते म्हणजे धनी आणि त्याच्या पदरचे योद्धे यांचे. इ. स. ९८ मध्ये रोमन इतिहासकार टॅसिटस याने जर्मानिक टोळ्यांविषयी लिहिले की, प्रमुख विजयासाठी लढतो आणि त्याचे सोबती प्रमुखासाठी लढतात; प्रमुख पडल्यावर रणातून जिवंत परतणे हा त्यांना जन्मभराचा कलंक वाटतो. टॅसिटसचा काळ आणि आपल्या हाती आलेल्या इंग्रजी काव्यांचा काळ यांच्यात कित्येक शतकांचे अंतर आहे, त्यामुळे पाचव्या शतकापासून ब्रिटनमध्ये येऊन वसलेल्या अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोकांवर त्याचे वर्णन जसेच्या तसे लादता येणार नाही. तरीही कवींनी ज्या आदर्शाचा पुनःपुन्हा उच्चार केला तो हाच आहे.

या नात्याची दुसरी बाजू दानाची आहे आणि वर्गात तिच्याकडे दुर्लक्ष होते. खाल्ल्या मिठाला जागणे हे जसे योद्ध्याचे कर्तव्य, तसे मीठ खाऊ घालणे हे धन्याचे. सोन्याची कडी, तलवारी, घोडे, जमीन आणि आपल्या दालनातील बाकावर बसण्याची जागा हे सारे त्याने द्यायचे असते. ‘बेओवुल्फ’मध्ये डेन लोकांचा राजा ह्रोथगार हेओरोत नावाचे विशाल दालन बांधतो, तेव्हा देवाने आपल्याला जे जे दिले ते तेथे लहानथोरांना वाटावे, असा त्याचा संकल्प कवी सांगतो, त्यातून दोनच गोष्टी वगळलेल्या आहेत, लोकांची सामाईक जमीन आणि माणसांचे प्राण. गावकरीची सामाईक जमीन ही ज्यांच्या घरातली चर्चा आहे, त्या गोव्याच्या वाचकाला या ओळीपाशी थांबावेसे वाटेल.

दानाचा हा धागा हाती धरला की काव्याची रचनाच उलगडते. हेओरोतला छळणाऱ्या राक्षसांना मारल्याबद्दल ह्रोथगारने दिलेली घोडे, चिलखत आणि तलवार ही बक्षिसे काव्याचा परदेशी नायक बेओवुल्फ मायदेशी येऊन आपला राजा हिगेलाक आणि त्याची राणी यांच्या स्वाधीन करतो आणि हिगेलाक त्याला वडिलोपार्जित तलवार, जमीन आणि स्वतंत्र दालन देतो. संपत्ती एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते आणि तिच्याबरोबर माणसे एकमेकांशी बांधली जातात. पूर्वीचा राजा हेरेमोड याने दान थांबवले आणि पंक्तीला बसणाऱ्या सोबत्यांचेच प्राण घेतले, म्हणून ह्रोथगार तरुण बेओवुल्फला त्याचे उदाहरण देऊन सावध करतो. काव्याच्या उत्तरार्धात येणारा ड्रॅगन तीनशे वर्षे जमिनीखालच्या सोन्यावर बसून आहे. त्या सोन्याचा त्याला काहीही उपयोग नाही आणि तो ते कोणाला देतही नाही. चांगल्या राजाच्या नेमके उलटे असे हे रूप कवीने योजून उभे केले आहे, असे माझे मत आहे.

आणि मग हे नाते तुटते. ड्रॅगनशी लढताना, आता स्वतः राजा असलेला म्हातारा बेओवुल्फ संकटात सापडतो तेव्हा निवडून आणलेले सोबती रानात पळतात, एकटा विग्लाफ मागे राहतो. दालनात मद्याचा चषक हाती घेऊन आपण काय वचन दिले होते, याची तो त्यांना आठवण देतो. राजा मरतो, सोने त्याच्याबरोबर पुरले जाते आणि कवी म्हणतो की ते माणसांना पूर्वीइतकेच निरुपयोगी होऊन तेथे पडून आहे. निष्ठेचा गौरव हा या काव्याचा अर्धा भाग झाला. ती निष्ठा किती माणसांना झेपत नाही आणि तिची किंमत कोण भरते, हे कवींना पुरते ठाऊक होते. मुलांना एका वाक्यात सांगायचेच असेल तर हे सांगावे.

प्रश्न (साखळी येथील एक वाचक) : सत्तरीत ठिकठिकाणी वीरगळ दिसतात आणि पावनखिंडीचा पोवाडा आम्ही लहानपणापासून ऐकतो. मॉल्डनच्या लढाईत तर इंग्रजांचा पराभव झाला. पराभवाचे इतके मोठे काव्य का झाले? आणि सरदाराने शत्रूला वाट का दिली?

उत्तर : प्रसंग असा. ९९१ च्या ऑगस्ट महिन्यात एसेक्समधील मॉल्डनजवळ व्हायकिंगांचा, म्हणजे उत्तरेकडून समुद्रमार्गे येणाऱ्या लुटारूंचा, ताफा आला आणि नदीच्या मुखातील एका बेटावर उतरला. बेट आणि किनारा यांना जोडणारी चिंचोळी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. एसेक्सचा वृद्ध सरदार बिर्थनॉथ सैन्य घेऊन समोर उभा राहिला. व्हायकिंगांच्या दूताने खंडणी मागितली. आम्ही खंडणीत भाले आणि तलवारींची धार देऊ, असे उत्तर त्याला मिळाले. ओहोटी लागताच वुल्फस्टान आणि त्याचे दोन सोबती यांनी ती वाट अडवून धरली. येथपर्यंत पावनखिंडीची आठवण होणे स्वाभाविक आहे.

पुढे मात्र हे साम्य संपते. व्हायकिंग पलीकडे येऊ देण्याची विनंती करतात आणि बिर्थनॉथ ती मान्य करतो. त्याने आत्मबळाच्या अतिरेकापोटी शत्रूला नको तितकी जागा दिली, असे कवी स्वतःच म्हणतो आणि या एका ओळीवर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. काहींच्या मते हा सरळसरळ दोष आहे : आपल्या कीर्तीच्या मोहात सरदाराने पदरच्या माणसांचे प्राण पणाला लावले, आणि तो अधिकार त्याचा नव्हता. दुसरे म्हणतात की वाट अडवून ठेवली असती तर जहाजे निघून दुसऱ्या एखाद्या बेसावध गावावर गेली असती, म्हणून येथेच निकाल लावणे शहाणपणाचे होते. मला दुसरा युक्तिवाद लष्करी दृष्टीने पटतो, पण काव्य वाचताना पहिलाच खरा वाटतो, कारण हेओरोतच्या संकल्पात माणसांचे प्राण राजाने वाटायचे नाहीत असे जे म्हटले आहे, त्याच विचाराचा हा कवीही वारस आहे.

बिर्थनॉथ पडतो आणि त्याने ज्याला अनेकदा घोडे बक्षीस दिले होते तो गॉडरिक धन्याच्याच घोड्यावर बसून पळतो. घोडा ओळखीचा असल्याने सरदारच निघाला असे अनेकांना वाटते आणि फळी फुटते. उरलेले लोक एकेक करून बोलतात आणि पुढे जातात, आणि काव्याचे खरे हृदय या भाषणांत आहे. लिओफसुनू म्हणतो की, धनी पडल्यावर मी धन्यावाचून घरी परतलो असा बोल माझ्या गावाला लावू देणार नाही. डनेरे हा साधा शेतकरी आहे, तोही भाला उगारून बोलतो. उत्तरेकडील नॉर्थम्ब्रिया राज्याचा एक तरुण खरे तर ओलीस म्हणून आलेला आहे, तरी तो बाण सोडत राहतो. शेवटी वृद्ध बिर्थवोल्ड म्हणतो की, आपले बळ जसजसे कमी होईल तसतसा निश्चय अधिक कठोर, मन अधिक तीक्ष्ण आणि धैर्य अधिक मोठे झाले पाहिजे. माझा धनी येथे धुळीत पडला आहे, मी त्याच्या शेजारीच पडणार.

बाजीप्रभूंशी असलेला फरक येथे स्पष्ट होतो. १६६० मध्ये घोडखिंडीत जे लढले त्यांच्यासमोर एक उद्दिष्ट होते. महाराज विशाळगडावर पोहोचून तोफांचे आवाज होईपर्यंत खिंड लढवायची होती आणि ती लढवल्याने राज्य वाचले. मॉल्डनच्या माणसांचा धनी आधीच मेलेला आहे. त्यांच्या मरणाने काहीही वाचणार नाही, आणि वाचलेही नाही : त्याच वर्षी इंग्रजांनी व्हायकिंगांना १०,००० पौंड खंडणी दिल्याची नोंद अँग्लो-सॅक्सन इतिहासपंजीत आहे. म्हणजे दिलेला शब्द पाळणे हेच तेथे सर्वस्व आहे. वीरगळावरही खालच्या पट्टीत युद्ध असते, पण वर अप्सरा वीराला घेऊन जातात आणि शेवटी तो शिवलिंगासमोर बसलेला दिसतो. आपल्या शिल्पकाराने वीराला त्याचे फळ दिले आहे. बिर्थनॉथ मरताना आपला आत्मा देवाच्या स्वाधीन करतो, परंतु त्याच्यामागे लढणाऱ्यांना कवी स्वर्गाचे आश्वासन देत नाही. मागे राहणाऱ्यांच्या तोंडी आपले नाव कसे राहील, एवढाच विचार त्यांच्या बोलण्यात आहे. या काव्याच्या ३२५ ओळीच उरल्या आहेत. आरंभ आणि शेवट हरवला आहे.

प्रश्न (म्हापसा येथील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : या सगळ्यात स्त्रिया कोठे आहेत?

उत्तर : जेथे या मूल्यव्यवस्थेची किंमत मोजली जाते, तेथे त्या आहेत. राजघराण्यातील मुलगी शत्रूच्या घरी देऊन वैर मिटवण्याची रीत होती आणि कवी अशा स्त्रीला शांतता विणणारी म्हणतात. ‘बेओवुल्फ’मध्ये हेओरोतच्या आनंदोत्सवात राजाचा भाट हिल्डेबरचे आख्यान गातो. ती डेन राजकन्या, फ्रिजियन राजा फिन याला दिलेली. माहेरचे लोक पाहुणे म्हणून आले असता दोन्ही बाजूंत लढाई पेटते. तिचा भाऊ एका बाजूने मरतो, मुलगा दुसऱ्या बाजूने. मुलाचे प्रेत मामाच्या शेजारी त्याच चितेवर ठेवण्याची आज्ञा ती देते. हिवाळाभर तह टिकतो, वसंतात सूडाची आठवण पुन्हा जागी होते, फिनही मारला जातो आणि तिला लुटीबरोबर माहेरी नेले जाते. या आख्यानात तिचे एकही भाषण नाही, आणि भावाला व मुलाला एकाच अग्नीत ठेवण्याचा तो एक निर्णय पुष्कळ भाषणांपेक्षा भारी आहे.

आता कवीने हे आख्यान कोठे ठेवले ते पाहा. ते संपताच ह्रोथगारची राणी वेआल्थो चषक घेऊन पुढे येते आणि आपल्या मुलांना त्यांचा चुलतभाऊ नीट वागवील असा विश्वास बोलून दाखवते. तो विश्वास खोटा ठरणार, अशी सूचना काव्यात आधीच पेरलेली आहे. त्याच रात्री, बेओवुल्फने मारलेल्या ग्रेंडेल या राक्षसाची आई आपल्या मुलाचा सूड घेण्यासाठी दालनात शिरते. पुत्रशोक झालेली राजकन्या, पुत्रांची काळजी वाहणारी राणी आणि पुत्राचा सूड घेणारी राक्षसी यांना इतक्या जवळ आणणारा कवी केवळ तलवारींचे कौतुक करत नव्हता. मायदेशी परतल्यावर बेओवुल्फ स्वतःच हिगेलाकला सांगतो की ह्रोथगारची मुलगी शत्रूच्या घरी देऊन वैर मिटवायचा बेत टिकणार नाही. लग्नाच्या मंडळीत कोणीतरी म्हातारा योद्धा आपल्या मेलेल्या माणसाची तलवार दुसऱ्याच्या कमरेला पाहील आणि तरुणांना डिवचील.

एक्सेटर हस्तलिखितात स्त्रीच्या तोंडून बोलणाऱ्या दोन लहान कविता आहेत. ५३ ओळींच्या ‘पत्नीचा विलाप’मध्ये नवरा समुद्रापलीकडे गेल्यावर त्याच्या नातेवाइकांनी दूर केलेली स्त्री ओक वृक्षाखालील भुयारात एकटी राहते आणि पहाटे, इतर प्रेमी जन अंथरुणात असताना, त्या भुयारातून फिरत राहते. ‘वुल्फ आणि एडवॅकर’ ही तर केवळ १९ ओळींची आहे. तीत बोलणारी स्त्री कोणाची आणि नेमके काय घडले, याविषयी एकमत नाही. वेगवेगळ्या बेटांवर असलेल्या दोघांची ताटातूट मात्र मन हलवते. तुम्ही या दोन कविता आधी वाचा, असे आग्रहाने सांगतो.

काव्याबाहेर चित्र काहीसे वेगळे आहे, हेही नोंदवले पाहिजे. स्त्रियांची मृत्युपत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतून त्या जमीन व मालमत्ता स्वतःच्या अधिकारात देत असल्याचे दिसते. दहाव्या शतकाच्या आरंभी मध्य इंग्लंडमधील मर्सिया राज्याची सत्ता एथेलफ्लॅड या स्त्रीच्या हाती होती आणि ९१८ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत तिने किल्ले बांधून व्हायकिंगांशी लढा दिला.

प्रश्न (पणजी येथील एक वाचक) : इतके सोने आणि इतकी शस्त्रे ही कवीची अतिशयोक्ती नव्हे काय?

उत्तर : १९३९ मध्ये सफोक परगण्यातील सटन हू येथे सातव्या शतकाच्या आरंभीचे एक जहाज जमिनीखाली सापडले. ते सुमारे २७ मीटर लांबीचे होते. त्यात शिरस्त्राण, तलवार, सोन्याचे नक्षीदार अलंकार, चांदीची भांडी आणि एका तंतुवाद्याचे अवशेष होते. त्या वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्या पाहिल्यावर कवीवर अतिशयोक्तीचा आरोप ठेवता येत नाही.

प्रश्न (मडगाव येथील एक वाचक) : ही काव्ये ख्रिस्ती आहेत की त्यापूर्वीच्या धर्माची? एकाच कवितेत नियती आणि देव दोन्ही येतात, याचा मेळ कसा घालावा?

उत्तर : लिहून ठेवणारे हात जवळजवळ सर्वत्र मठांतील होते, जुनी स्मृती आणि नवा धर्म एकाच माणसाच्या मनात राहत होते, त्यामुळे दोहोंची फाळणी करता येत नाही. बीड या भिक्षूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्रजांच्या धर्मेतिहासात नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याच्या दरबारातील प्रसंग आहे. नवा धर्म स्वीकारावा का, असा विचार चालू असताना एक सरदार म्हणतो : हिवाळ्यात आपण शेकोटीभोवती जेवत असताना एक चिमणी एका दारातून आत येऊन दुसऱ्या दारातून निघून जाते, तेवढा क्षण ती वादळापासून सुरक्षित असते, माणसाचे आयुष्यही तसेच, त्याच्या आधी काय आणि नंतर काय हे आपल्याला माहीत नाही, म्हणून नवी शिकवण काही अधिक सांगत असेल तर ती ऐकावी. धर्मांतराचा निर्णय सांगतानाही डोळ्यांसमोर येते ते धन्याचे दालनच.

व्हिटबीच्या मठात हिल्डा प्रमुख असताना कॅडमन नावाचा एक गुराखी होता. पंगतीत वाद्य हातोहात फिरून प्रत्येकाने गाण्याची पाळी येई, तेव्हा तो उठून जात असे. एका रात्री गोठ्यात झोपला असता त्याला स्वप्नात सृष्टीच्या निर्मितीचे गीत गाण्याची आज्ञा झाली, अशी हकीकत बीडने दिली आहे. त्याच्या गीताच्या नऊ ओळी आज आपल्यापाशी आहेत आणि राजांसाठी वापरली जाणारी बिरुदे त्यात देवासाठी आली आहेत.

या मिश्रणाचे शिखर म्हणजे ‘क्रुसाचे स्वप्न’. येथे क्रूस स्वतः बोलतो. ख्रिस्त हा तरुण वीर आहे, तो स्वतःहून वस्त्रे उतरवून क्रुसावर चढतो. क्रूस त्याच्या पदरचा निष्ठावान योद्धा. शत्रूंवर कोसळून त्यांना ठार करणे त्याला शक्य आहे, परंतु वाकायचे नाही ही धन्याची आज्ञा आहे. धन्यासाठी लढणे हे ज्या समाजात सर्वोच्च कर्तव्य, तेथे आज्ञापालनासाठी धन्याच्याच मरणाचे साधन व्हावे लागणे याहून मोठी यातना कवीला सुचली नाही. मॉल्डनच्या योद्ध्यांना धन्याच्या शेजारी मरता आले. या योद्ध्याला तेही नाकारले आहे. याच काव्याशी जुळणाऱ्या ओळी स्कॉटलंडमधील रथवेल येथील दगडी क्रुसावर रून या जुन्या जर्मानिक लिपीत कोरलेल्या आहेत आणि संपूर्ण काव्य इटलीतील व्हेर्चेल्ली येथील हस्तलिखितात आहे.

गोव्याच्या वाचकाला यावरून थॉमस स्टीफन्स आठवणे साहजिक आहे. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आणि पुराणाच्या साच्यात सांगितली. देशी छंदात परका विषय उतरवणे हे दोहोंतले साम्य खरे आहे. परंतु स्टीफन्सने दुसऱ्यांची भाषा प्रयत्नाने आत्मसात केली होती, कॅडमन आपल्याच बोलीत गात होता. आणि सासष्टीतील धर्मांतरामागे परकीय राजसत्ता उभी होती, एडविनच्या दरबारात निर्णय घेणारे त्या भूमीचेच राज्यकर्ते होते. हा फरक धूसर करून तुलना केली तर दोन्ही काव्यांवर अन्याय होईल.

प्रश्न (वास्को येथील एक निवृत्त तारवटी) : ‘दर्यावर्दी’ या कवितेत समुद्राचे प्रेम आहे की भीती?

उत्तर : दोन्ही आहेत, आणि आपल्यासारख्या माणसाला ती कविता समीक्षकांपेक्षा अधिक कळेल. थंडीने पाय बधिर झालेले, गारांचा मारा, माणसांच्या हसण्याऐवजी समुद्रपक्ष्यांचा आवाज, असे वर्णन करून तोच माणूस सांगतो की कोकिळा ओरडू लागली, झाडे फुलली की मन पुन्हा निघण्यासाठी आतून ढकलते. १२४ ओळींपैकी उत्तरार्ध धर्मोपदेशाकडे वळतो. मला तो भाग पूर्वार्धाच्या तोडीचा वाटत नाही. तिच्यासोबत ‘भटक्या’ ही कविता अवश्य वाचावी. धनी गेल्यावर नवा आश्रय शोधणारा हा माणूस थंड समुद्रावर वल्ही मारताना डुलकी घेतो आणि स्वप्नात धन्याला मिठी मारून त्याच्या गुडघ्यावर हात आणि मस्तक ठेवतो, जसे तो दालनात बक्षीस स्वीकारताना ठेवत असे. जागा होतो तेव्हा समोर करड्या लाटा, पंख पसरून न्हाणारे पक्षी आणि बर्फ असते. दुःख मनात बांधून ठेवावे, ते बोलून दाखवू नये हीच कुलीन माणसाची रीत, असे तो आरंभी सांगतो, आणि मग ते सारे दुःख बोलत राहतो.

प्रश्न (पेडणे येथील एक वकील) : सूड घेणे हे त्यांच्यात कर्तव्यच होते का? कायद्याने काही मर्यादा घातली होती का?

उत्तर : घातली होती. केंटचा राजा एथेलबर्ट याचे इ. स. ६०० च्या सुमाराचे कायदे इंग्रजी भाषेतील सर्वांत जुने मानले जातात आणि त्यांत प्रत्येक इजेची भरपाई ठरलेली आहे : पुढचा दात पाडल्यास सहा शिलिंग, अंगठा तोडल्यास वीस. पुढे दक्षिणेकडील वेसेक्स राज्यात सामान्य स्वतंत्र माणसाच्या प्राणाची किंमत २०० शिलिंग आणि उच्च दर्जाच्या सरदाराची १२०० शिलिंग होती. ही रक्कम मृताच्या नातलगांनी स्वीकारली की सूडाचा हक्क संपे. बेओवुल्फच्या वडिलांनी एकाचा खून केला तेव्हा ती भरपाई ह्रोथगारने स्वतःच्या खजिन्यातून देऊन तंटा मिटवला होता, म्हणून बेओवुल्फचे डेन्मार्कला मदतीसाठी जाणे ही एका अर्थी घराण्याच्या ऋणाची फेड आहे. ग्रेंडेलचे वर्णन करताना तो कोणत्याही डेन माणसाच्या मृत्यूची भरपाई देणार नाही, असे कवी मुद्दाम नोंदवतो. जो भरपाई देत नाही तो माणसांच्या व्यवहाराबाहेरचा.

परंतु आपल्या प्रश्नाचे सर्वांत खोल उत्तर ‘बेओवुल्फ’मधील ह्रेथेल राजाच्या, म्हणजे हिगेलाकच्या बापाच्या, कथेत आहे. त्याच्या एका मुलाने सोडलेला बाण चुकून थोरल्या मुलाला लागतो आणि तो मरतो. आता बापाने काय करावे? भरपाई कोणी कोणाला द्यायची? सूड कोणावर घ्यायचा? मारणाराही आपलाच मुलगा आहे. कवी येथे एका म्हाताऱ्याचा दाखला देतो, ज्याचा मुलगा फासावर लटकतो आहे आणि ज्याला काहीही करता येत नाही. त्याला आपले घर आणि शेत एकाएकी फार मोठे वाटू लागते. ह्रेथेल त्या दुःखात अंथरूण धरतो आणि मरतो. कायदा आणि सूड हे दोन्ही मार्ग जेथे बंद होतात अशी जागा कवीने शोधून काढली आणि ज्या नियमांवर त्याचा समाज उभा होता त्यांची सीमा दाखवली, हे मला या संपूर्ण काव्यपरंपरेतील सर्वांत मोठे धाडस वाटते.

प्रश्न (डिचोली येथील एका वाचनमंडळाचे सदस्य) : आम्हाला ही काव्ये अनुवादातून क्रमाने वाचायची आहेत. आरंभ कोठून करावा? आणि एवढेच काव्य का उरले?

उत्तर : सुमारे ३०,००० ओळी उरल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक चार हस्तलिखितांत आहेत. १७३१ मध्ये लंडनमधील एका ग्रंथसंग्रहाला आग लागली. ‘मॉल्डनची लढाई’चे मूळ हस्तलिखित तीत नष्ट झाले आणि केवळ आधी केलेल्या नकलेमुळे काव्य वाचले, तर ‘बेओवुल्फ’ची एकमेव प्रत कडांना करपून बचावली.

वाचन मोठ्याने करावे. प्रत्येक ओळीचे दोन भाग, चार आघात आणि आघातांच्या आरंभी येणारा समान वर्ण या तीन गोष्टींवर ही रचना उभी असते. अंत्ययमकाची तेथे गरज नसते. आपल्याकडील अनुप्रासाची सवय असलेल्या कानाला ती लवकर रुचते, म्हणून शक्य असेल तेथे मूळ ओळी कोणाकडून तरी ऐकून मग अनुवादाकडे वळावे. आरंभ ४२ ओळींच्या ‘डेओर’ने करावा, धन्याच्या मर्जीतून उतरलेला एक भाट दुसऱ्यांची जुनी संकटे आठवत, ते सरले तसे हेही सरेल, असे ध्रुवपद म्हणत जातो. त्यानंतर ‘भटक्या’ आणि ‘पत्नीचा विलाप’ एकाच बैठकीत घ्यावेत, मग ‘मॉल्डनची लढाई’, मग ‘क्रुसाचे स्वप्न’. ३१८२ ओळींचे ‘बेओवुल्फ’ शेवटी ठेवावे आणि त्याला अनेक बैठका द्याव्यात. राक्षसांच्या तीन लढायांमध्ये येणारी उपाख्याने कंटाळवाणी म्हणून वगळण्याचा मोह होईल. तो टाळावा, आणि हिल्डेबरचे आख्यान येण्यापूर्वी कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाचा जावई हे फळ्यावर लिहून घ्यावे.